पाच माडांची जमीन

आमचे गणपतकाका तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आपल्याला फसवून फुकट गेलेला प्रवासी अजून जन्माला यायचाय, असं ते स्वतःच सांगतात. असा हा हुशार माणूस निवृत्तीचे सगळे पैसे आचऱ्याच्या किनाऱ्याजवळच्या पाच गुंठ्यांत घालून मोकळा झाला. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या आनंदीकाकीला त्यांना स्वतःचं घर द्यायचं होतं.

जमीन एकाची आणि तिच्यातली झाडं दुसऱ्याची, हे आमच्याकडे नवं नाही. त्या जमिनीत ऐन मधोमध पाच माड होते आणि सात-बाऱ्यावर ते जुलेखाचाचीच्या नावे होते, ती जिवंत असेपर्यंत. तिच्यामागे ते जमीनवाल्याचे. माड तोडल्याशिवाय घर बसत नव्हतं. म्हणून तर जमीन निम्म्या दरात मिळत होती.

"काका, म्हातारी ऐंशीची आसा," दलाल बाबू म्हणाला. "किती दिस काढतली? पाच वर्सां धरा. तवसर भाव दुप्पट."

काका हिशेब करू लागले तशी काकी आतून म्हणाली, "म्हणजे ती कधी मरता त्याची वाट बघीत बसतल्यात तुमी?"

काका तिच्यावर असे खेकसले की शेजारी डोकावले. बोलणं लागलं होतं, नाहीतर एवढे ओरडले नसते. जमीन मात्र त्यांनी घेतलीच.

चाची त्या जमिनीला लागूनच एकटी राहायची. मुलगा मुनीब कुवेतला. काका महिन्यातून एकदा 'गुंतवणूक बघायला' जायचे. पहिल्या खेपेला दगडी गडग्याबाहेरूनच बघून आले. म्हातारी स्वतः विहिरीचं पाणी काढत होती! दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पुढच्या खेपेला चाचीने हाक मारून शहाळं दिलं. मग कधीतरी काका तिच्या बीपीच्या गोळ्या नेऊ लागले.

"काका, हे तर गुंतवणूक बुडवायचे धंदे," मी चिडवायचे.

"गप गो, संचिता. वाटेत दुकान आसा म्हणान घेतलंय."

दुकान वाटेत नव्हतं.

चौथ्या वर्षी एका हॉटेलवाल्याने तिप्पट दर सांगितला. अट एकच, महिनाअखेरपर्यंत माडांचा हक्क सुटला पाहिजे. त्या पैशांत दुसरीकडे जागा आणि वर घरही झालं असतं. काकांनी हक्कसोडीचा कागद लिहून घेतला. तो घेऊन गेले तर चाची न्हाणीजवळ पडलेली, तापाने फणफणलेली. रिक्षा करून तिला मालवणला दवाखान्यात आणलं.

"तुमचं नातं काय?" नर्सने विचारलं.

काका गोंधळले. "मी... जमीनवाला," म्हणाले. नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकी चाचीला पेज भरवत होती. चाची काकांना म्हणाली, "गणपता, बाबू सांगी होतो. कागद खिशात आसा मां? काढ. अंगठो करतंय."

काकांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी काकीकडे बघितलं. अंगठा राहिला तर जाणार होतं ते घर तिचं होतं.

काकीने चमचा वर केला. "आदी पेज संपवूंदे तिका," ती म्हणाली.

"आज नको, चाची," काका म्हणाले. "तू आजारी आसस."

"बरी झालंय तर तुजा नुकसान."

"होवंदे."

महिना संपला. हॉटेलवाल्याने शिरोड्याला दुसरी जागा घेतली. काका-काकी अजून भाड्याच्याच खोलीत राहतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण चाचीला घरी सोडलं त्या दिवशी बाबूचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच होते. कोणाचं तरी पोर पहिल्या नंबराने पास झालंय, अशा आवाजात काका फोनवर ओरडत होते, "डॉक्टर म्हणता, काळीज एकदम घट्ट आसा! अजून धा वर्सां तिका कायएक होणा नाय!"