दिवाळीपर्यंत किती झोपा

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आठवड्यातले दोन दिवस आम्हाला गावात जाऊन काम करावं लागे. मला झरी मिळालं आणि झरीतलं एक घर. शेतमजुरी करणारी विधवा आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गावच्या शाळेत ती फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घ्यायची. अक्षर मोत्यासारखं, पण अर्थ एकाही शब्दाचा कळत नव्हता.

मायलेकींनी आपल्या खुणा आपणच केल्या होत्या. मूठ वळून जमीन खरवडली की खुरपायला जायचं. तळहातावर गाल टेकवून डोळे मिटले आणि मग उठल्यासारखं केलं, की उद्या. त्यातल्या दहा-बारा मी शिकले आणि मला वाटलं, या घरातलं मला कळायला लागलं.

परभणीच्या निवासी मूकबधिर शाळेचं मीच काढलं. आई तीन आठवडे नुसतं "बघू" म्हणत राहिली आणि मग तयार झाली. निघायच्या सकाळी पिशवी भरता भरता तिने विचारलं, "मॅडम, हिला सांगू कसं? तिथं ठिवायलाव, पुन्हा न्यायला येनार हाव, हे कोन्त्या खुणेनं सांगू?"

तिनेच गाल तळहातावर टेकवला, उठली. पुन्हा टेकवला, पुन्हा उठली. दिवाळीपर्यंतच्या झोपा ती दाखवत होती. मुलीला तो खेळ वाटला. तीही गाल टेकवून उठायला आणि हसायला लागली. दहाव्या-बाराव्या झोपेला आई थांबली.

"रडायच्या आत निघा," परभणीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. मुलगी नव्या पलंगावर पाय हलवत बसली होती. तिची पाठ वळल्यावर आम्ही निघालो.

नवव्या दिवशी आईचा फोन आला. "जेवन करंना म्हनं. दिसभर गेटपाशी बसायली. मी आनायला चाललेव."

"अजून आठ दिवस थांबा, रुळेल," मी म्हणाले. आम्हाला तसंच शिकवलं होतं.

"तुमी मला फोनवर सांगायलाव, मॅडम. मी तिला कसं सांगू?"

पुढच्या गुरुवारी मी झरीला गेले, तर आईने तिला घरी आणलेलं होतं. मला पाहून मुलगी आत पळाली आणि तिने कडी लावून घेतली. आई बाहेर माझ्याजवळ उभी राहिली. "तिला वाटलं, आपून तिला टाकून दिलं," ती हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मुलगी आता आईला नजरेआड होऊ देत नव्हती. गावच्या शाळेतही जाईना. आई खुरपायला गेली की ही तिच्या मागे पिकाच्या तासाच्या कडेला बसून राही.

मी कॉलेजातल्या आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा हेतू चांगला होता." अहवालात मी लिहिलं, 'पालकाने पाल्यास परत नेले.' त्यात खोटं काही नव्हतं.

काम संपल्यावर शेवटच्या दिवशी आई बसथांब्यापर्यंत आली. मुलगी तिच्या आडून माझ्याकडे बघत होती. माफ कर म्हणायची खूण आमच्यात ठरलेली नव्हती. मी हात पुढे केला, तशी ती आणखी मागे सरकली.

"येत जा, मॅडम," आई म्हणाली.

मी हो म्हणाले. अजून गेलेले नाही.