विहिरीतली बाटली

काहीही तोंडात घालण्याआधी तो ते नाकाशी नेई. डोळे मिटून हुंगे आणि बहुतेक वेळा म्हणे, "शी!" माझ्या आईने दिलेला साखरआंबा असो, नाहीतर मी मास्तर होतो त्या शाळेतला चहा, शी ठरलेली. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच. त्याच्यासमोर आपल्याच घरच्या अन्नाची लाज वाटायला लागते, आणि मग त्याचा राग येतो.

पहिलं महायुद्ध संपल्यावर तो रंग बनवायचं शिकायला जर्मनीला गेला. परतल्यावर चौलच्या आमच्या आळीने त्याचं नावच 'जर्मन' ठेवलं. घरात विधवा आई एकटी, मागे सुपारीची वाडी. समुद्र ओलांडून आलेल्या मुलाने पंचगव्य घेतल्याशिवाय ती त्याच्या हातचं पाणी घेणार नव्हती. त्याचं ताट पडवीत.

"शेण आणि गोमूत्र? शी! मी नाही पिणार."

"नको पिऊस. बस पडवीत."

दोघंही सारखीच हट्टी.

आणि हा सोवळ्या नाकाचा माणूस पीत काय होता? तिकडून आणलेली पांढरी वाइन. उंच मानेच्या तपकिरी बाटल्या. एकदा मला वाडीत बोलावून त्याने घोटभर पाजली. चार दिवसांच्या ताकासारखी आंबट! मी जास्वंदीच्या मुळाशी थुंकलो.

"गोड नाही, म्हणून तर चांगली," तो म्हणाला. "हिच्याबरोबर मसाला नको, खोबरं नको. ताजा मासा, नुसत्या मिठात उकडलेला. नाहीतर कालवं."

कालवं घेऊन रेवदंड्याची कोळीण आलेलीच होती. त्याने एक शिंपला उघडून हुंगला. या वेळी शी नाही! लिंबू पिळून आतला लिबलिबीत गोळा त्याने कच्चाच गिळला आणि वर वाइनचा घोट घेतला.

"आगो बाय! कच्चाच गिलला ह्यानं!" कोळणीने तोंडाला पदर लावला. "आमची मांजरा पन न्हाय खात असा."

मला रात्री भाताचा घास उतरेना. त्याच्या चेहऱ्यावर मात्र पूजा आटोपल्याचं समाधान होतं.

ही वाइन गारच प्यावी लागते म्हणे. चौलात बर्फ कुठला? तो बाटलीला काथ्या बांधून विहिरीत सोडे. देवाचं पाणीही त्याच विहिरीचं. एका सकाळी त्याच्या आईच्या दोराला गुंतून बाटली वर आली. तिने भरलेली कळशी तिथेच ओतून टाकली, आणि त्या दिवसापासून ती देवळाच्या तळ्यावरून पाणी आणू लागली. मला खरी किळस आली ती तेव्हा. बाटलीची नव्हे, म्हातारी खेपा घालत असताना पडवीत बसून राहणाऱ्या त्याची. तसं मी तोंडावर म्हटलं.

"मी भरतो म्हटलं, तर माझ्या हातचं तिला चालत नाही."

"मग घे की पंचगव्य."

"शी!"

पावसाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. माझी आई तिला पाणी पाजायची. एका दुपारी ती आमच्या घरी परत आली असताना म्हातारीला तहान लागली. त्याने पेला तिच्या ओठांशी नेला. तापाने ओठ सुकले होते, तरी तिने ते मिटून घेतले. तो तसाच पावसात माझ्याकडे धावत आला. "भटजींना बोलाव," एवढंच म्हणाला.

पुढे त्याची आई गेल्यावर तो मुंबईला रंगाच्या कारखान्यात लागला, तो पुन्हा चौलला आला नाही. आता तोही नाही, वाडीही दुसऱ्याची झाली. पण त्याचा विषय निघाला की मला ती दुपारच दिसते. भटजींनी पळीभर पंचगव्य त्याच्या तळहातावर घातलं. हात नाकाशी जाईल म्हणून मी बघत राहिलो. गेला नाही. त्याने ते सरळ ओठांना लावून गिळलं, हात धुतले आणि पेला घेऊन आईजवळ बसला.

"घेतलंस?"

"घेतलं."

"घाण लागतं ना रे?" ती म्हणाली. "मलाही दर खेपेला मळमळतं."

मग तिने तोंड उघडलं.