कमानीवर दोघी जावा

नातीनं जीव खाल्ला म्हणून लिहितो, न्हाईतर माझं काय अडलंय? ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून राहिली, मी चौथीतून पळालेला. तरी म्हणते, "आबा, तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर गोड होईल." असले किस्से घरात कडब्यासारखे साठतात. एक पेंढी ओढली की चार अंगावर येतात.

आमच्या गावच्या वेशीत कमान होऊन राहिली. चुलतभाऊ दिगंबरला तिच्यावर माझ्या बापाचं आन त्याच्या बापाचं नाव पाहिजे. निजामाच्या रझाकारांशी लढलेले दोघं भाऊ म्हणे. मला पाहिजेत माझी माय आन दिगंबरची माय, म्हणजे आमची काकू, ह्या दोघी जावांची नावं. का, ते ऐका.

*

रझाकारीत आमच्या हदगावकडचे बाप्ये पैनगंगा ओलांडून पल्याड, निजामाच्या हद्दीबाहेर गेले. बाया राहिल्या. पेरणी आली. मायनं मला बांधावर झोळीत टाकलं आन तिफण धरली. काकूनं चाड्यावर मूठ धरली. गावातला एक म्हातारा आडवा आला, "बाईनं तिफण धरू न्हाई. ते बाप्याचं काम हाय."

माय म्हणाली, "बोलवा की मग एखादा. देते सोडून."

म्हाताऱ्यानं गुमान बैलांची वाट सोडली.

*

एकदा दोन रझाकार बंदूक घेऊन दारात. "मरदां किधर हैं?"

काकू तवा नुकती लग्न होऊन आलेली, पोरच. पदर खोचून म्हणाली, "हमबी वहीच पूछ रैं."

त्यातला एक हसला. बंदूकवाला एकदा हसला की त्याला पुन्हा रागावता येत न्हाई. गेले.

*

दुसऱ्या खेपेला बैल न्यायला आले. मायनं बैल आधीच शेजारच्या, बांगड्या विकणाऱ्या रहिमतबी मणेरणीच्या अंगणात बांधलेले. रहिमतबी दारात उभी राहिली, "मेरे दामाद के हैं."

तिची पोरगी तवा पाळण्यात होती.

*

सगळं निवल्यावर बाप परत आला. रान पाहून म्हणाला, "पेरणीचे तास वाकडे गेलेत."

"ज्वारी सरळ आलीय," माय म्हणाली. "जेवा."

*

मुक्तिदिनाला बाप शाळेत भाषण करायचा, पुरातून पैनगंगा कशी पोहून गेलो ते. दरसाली पूर वाढायचा. घरी आला की माय पाण्याचा तांब्या देताना विचारायची, "आवंदा कुठवर लागलं? गळ्यापर्यंत, का डोक्यावरून?"

तो असेपर्यंत ती ह्याच्यापुढं बोलली न्हाई. तो गेल्यावर मला सांगितलं. बाप तिचं लुगडं नेसून, बायांच्या घोळक्यात, नावेतून गेलता.

मला त्याची लाज न्हाई. जीव सगळ्यांनाच प्यारा. पण जीव वाचवला म्हणून कमान बांधत नसतेत.

*

गेल्या महिन्यात मारुतीच्या पारावर बैठक झाली. पेंटर डबा घेऊन उभा. मी उठलो, लुगड्याचं सगळं सांगितलं. दिगंबर ताडकन उठला, "दादा, सख्ख्या बापावर लबाड बोलून राहिलास तू. उगं दोघा भावांची इज्जत घालवू नको."

सगळा गाव माझ्याकडं पाहून राहिला. काय दाखवणार मी? माय तर कवाच गेली.

काकू खुर्चीवर बसलेली. नव्वदीच्या पुढची. तिला ऐकू येत न्हाई असं समजून तिला कुणी काही विचारत न्हाई.

"दिगंबर, बस खाली," ती म्हणाली. "त्याच्या बापानं नेलं ते जुनेर तरी होतं. तुझ्या बापानं माझं लग्नातलं इरकल लुगडं नेलं. अजून परत दिलं न्हाई."

पेंटर तिच्याजवळ वाकला. "आजी, दोघींची नावं सांगा."

भर पारावर मला लबाड म्हणणारा दिगंबर अजून माफी मागायला आला न्हाई.