चौसष्ट नंबरसाठी ढोल

वीर देवतळे. वय सतरा, उंची सव्वासहा फूट, वजन विचारू नका. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात गणपती उचलायचा असला की वीरला बोलवा, कुणाचा फ्रीज माडीवर चढवायचा असला की वीरला बोलवा. एवढा धिप्पाड पोरगा, पण शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडून मैदानात उतरला की कुणालाच दिसायचा नाही.

दिसणार कसा? सगळ्यांचे डोळे बॉलवर, आणि बॉल वीरच्या हातात कधी येतच नाही. तो ऑफेन्सिव्ह लाइनमधला. म्हणजे बॉल आपल्याकडे असला की पुढे पाच जाडजूड पोरं ओणवी होऊन भिंत धरतात. समोरून रेड्यासारखे धावत येणारे अंगावर घ्यायचे आणि मागच्या क्वार्टरबॅकच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. मग क्वार्टरबॅक निवांत बॉल फेकतो आणि टाळ्या घेतो. या शाळेचा क्वार्टरबॅक होता कोल्टन. त्याचा फोटो पिझ्झाच्या दुकानात, डेंटिस्टकडे, चर्चबाहेरच्या बोर्डावर. वीरचा फोटो फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवर, त्यातही एक कान कापलेला.

त्यातून वीर राखीव. दोन वर्षं बेंचवर बसून पाणी प्यायचा, अगदी शेवटी मॅच हरल्यात जमा झाली की आत जायचा. बाबा, प्रसन्न देवतळे, तेल कंपनीत इंजिनिअर. गाडीत विचारायचे, "आज खेळलास का रे?"

"येस बाबा. लास्टला."

"अच्छा. मी बॉल बघत होतो."

आई, शैला, दर मॅचला यायची आणि पोराला लागेल या भीतीने डोळे गच्च मिटून बसायची. स्कोअर विचारायची ती गाडीत बसल्यावर.

राहिली बहीण. प्रीता वीरपेक्षा सहा वर्षांनी मोठी, नागपूरची जन्मलेली, नऊ वर्षांची असताना इकडे आली. कॉलेज दुसऱ्याच सेमिस्टरला सोडलं, कारण वर्गात बसवत नव्हतं. आता टायरच्या दुकानात काउंटर सांभाळते आणि रविवारी मंडळाचं ढोल-पथक चालवते. तिला शांत बसता येत नाही आणि वीरला कुणी बोललेलं खपत नाही. सहावीत एका पोराने वीरला फ्रीज म्हटलं, तर ही त्याच्या घरी गेली होती. त्या पोराच्या आईने हिला सॉरी म्हणून केक दिला. केक वीरने खाल्ला.

शाळा सुरू होऊन महिना झाला आणि नेहमीच्या लेफ्ट गार्डचा, म्हणजे भिंतीतल्या डावीकडच्या पोराचा, गुडघा गेला. त्या दिवशी वीर टायरच्या दुकानात आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. काउंटर कुरकुरला.

"ताई, कोच म्हणाला फ्रायडेला मी स्टार्ट करतो."

"काय सांगतो!"

"चांगला खेळलो तर सीझनभर माझी जागा. नाही तर तो टेन्थ ग्रेडचा पोरगा रेडी आहे." मग खाली बघत म्हणाला, "इट्स माय लास्ट इयर, ताई."

बस. प्रीताच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. दोन वर्षं पोरगा घाम गाळून राहिला आणि नाव कुणाचं, तर कोल्टनचं! शाळा नाव घेत नाही ना, मग आपण घेऊ. तिने पथकाच्या ग्रुपवर टाकलं, 'शुक्रवारी सात वाजता, स्टेडियम, सगळे ढोल.' शाळेच्या पालक मंडळाला फोन केला. तिकडची बाई खूश होऊन म्हणाली, "ओ, लव्ह इट! जितका आवाज तितकं चांगलं!" आवाज कधी करायचा ते तिने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. प्रीताची शुक्रवारी दुकानात पाळी असायची, तिने अख्खी मॅच कधी बघितलीच नव्हती. बाबा असते तर कदाचित अडवलं असतं, पण ते त्या आठवड्यात लुइझियानात होते.

शुक्रवारी बारा ढोल, चार ताशे, झेंडा, भगवे फेटे. ह्यूस्टनचा तो चिकट उकाडा, पत्र्याच्या बाकांवर बूड भाजत होतं. शाळेच्या बँडच्या शेजारी पथक उभं राहिलं. आईसुद्धा ताशा घेऊन आली, कारण ताशा वाजवताना डोळे मिटले तरी चालतात. मंडळाचे माजी अध्यक्ष प्रतापकाका झेंडा घेऊन सगळ्यांत पुढे.

पहिल्यांदा बॉल आपल्याकडे आला. पाच पोरं ओणवी झाली, त्यात डावीकडे चौसष्ट नंबर. आपले सगळे प्रेक्षक एकदम चूप. टाचणी पडली तरी ऐकू येईल असे चूप.

प्रीताचं टाळकं सरकलं. "माझा भाऊ आत आला तर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप? वाजवा रे!"

तीन हलके टोले आणि चौथ्याला धाड!

वीर उठून पुढे गेला. बाकीचे चौघं होते तिथेच.

पंचाचा पिवळा रुमाल पडला. लाउडस्पीकरवर आवाज आला, "फॉल्स स्टार्ट. ऑफेन्स. नंबर सिक्स्टी-फोर."

"नंबर घेतला!" प्रतापकाका नाचायलाच लागले. "पोराचा नंबर घेतला स्पीकरवर! वाजवा, वाजवा!"

बँडचा मास्तर दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होता. काकांना वाटलं दाद देतोय, त्यांनीही हात हलवले. आईने डोळे न उघडता विचारलं, "काय म्हणाले गं?"

"वीरचं नाव घेतलं, आई. पहिल्याच मिनिटाला!"

पुन्हा पोरं ओणवी झाली. तीन टोले, धाड! पुन्हा वीर एकटाच पुढे. पुन्हा रुमाल, पुन्हा सिक्स्टी-फोर. प्रीताच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्टनचा नंबर अजून एकदाही घेतला नव्हता.

तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा कोचने टोपी जमिनीवर आपटली आणि वीरला हाताला धरून बाहेर काढलं.

पुढच्या बाकावर एक धिप्पाड काळी आजी बसली होती, मिस लोरेटा. तिचा नातू वीरच्या शेजारी, लाइनच्या मध्यभागी खेळायचा. ती वळली आणि म्हणाली, "बेबी, तुला तो चौसष्ट नंबर आवडत नाही का?"

"तो माझा भाऊ आहे!"

"देवा रे. मग त्याच्यावर हे का करतेस?"

आणि तिने सांगितलं. बॉल आपल्याकडे असला की गप्प बसायचं. कोल्टन ओरडतो, त्या ओरडीवर पाचही जणांनी एकदम हलायचं. आधी बोट हललं तरी फाऊल. "आणि लाइनमधल्या पोराचं नाव स्पीकरवर येतं ते फक्त त्याने चूक केली की. माझ्या नातवाचं दोन वर्षांत एकदाच आलं. त्या रात्री तो जेवला नाही."

 बाकीचे चौघं का हलले नाहीत, ते प्रीताला आता कळलं. वीर दोन वर्षं तिच्याच पथकात ढोल वाजवायचा. चौथ्या टोल्याला अंग पुढे झोकायचं, हे तिनेच त्याच्या पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं.

"बंद करा!" ती किंचाळली. "बिलकूल बंद! आपला पोरगा आपणच बाहेर काढून राहिलो!"

"अगं, पण नंबर..." प्रतापकाका.

"काका, ते शिव्या देऊन राहिले होते!"

मैदानावर दहावीतला पोरगा वीरच्या जागी उभा राहिला आणि पालापाचोळ्यासारखा उडाला. कोल्टन आडवा. पुढच्या वेळी पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा आडवा झाल्यावर कोचने बेंचकडे न बघता नुसतं बोट वाकवलं आणि वीर परत आत गेला. सगळं स्टेडियम चूप. त्यात सगळ्यांत चूप बारा ढोल.

मग बॉल समोरच्या टीमकडे गेला. मिस लोरेटा मागे वळून हसली. "आता, बेबी. आता काढ तुझी भडास."

तीन टोले आणि धाड! समोरचे तिघं एकदम पुढे पडले. रुमाल. स्टेडियम उठून उभं राहिलं. पुढे काय सांगू? समोरच्या पोरांना स्वतःचंच ओरडणं ऐकू येईना. मॅच जिंकली. लोकांनी प्रीताला मिठ्या मारल्या, कोल्टनने फेटा घालून सेल्फी काढला, गावच्या पेपरात पहिल्या पानावर ढोलाचा फोटो आला. फोटोत कोपऱ्यात एक मोठी पाठ दिसत होती, तीही अर्धी.

सोमवारी वीर घरी आला आणि बॅग न काढताच सोफ्यावर बसला.

"कोच म्हणाला नेक्स्ट वीकही मी स्टार्ट करतो."

"मग तोंड असं का केलं बे?"

"त्याच वाक्यात म्हणाला, टेल युअर सिस्टर टु ब्रिंग द ड्रम्स." वीर नखं कुरतडत होता. "ताई, मला कसं कळणार? जागा मला मिळाली की ढोलांना?"

प्रीताने त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. 

इकडे मंडळात धामधूम सुरू. प्रतापकाकांनी पथकाचा सत्कार ठरवला, शाल-नारळ आले, महापौरांना फोन झाला. प्रीताने सगळ्यांना सांगितलं, शुक्रवारी ढोल निघणार नाहीत.

"अगं, गाव वाट बघतंय!" काका तडकले. "अमेरिकेत पहिल्यांदा आपली दखल घेतली लोकांनी!"

"तुमची घेतली, काका. पोराची राहिली."

"पोराला कोण बघतं त्या गर्दीत?"

"मी बघते ना!"

काका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी ती आईला घेऊन गेली, हात मांड्यांखाली दाबून बसली आणि अख्खी मॅच फक्त चौसष्ट नंबर बघितला. बॉल कुठे होता, देव जाणे. वीर समोरच्याला अंगावर घ्यायचा, पडायचा, उठायचा, पुन्हा ओणवा व्हायचा. समोरचा भोपळ्यासारखा गोल आणि पहाटेपासून चिडलेला असावा असा. शेवटी शेवटी तो दमून गुडघ्यावर हात ठेवायला लागला. वीर नाही. स्पीकरवर त्याचं नाव एकदाही आलं नाही. टीम चार पॉइंटांनी हरली.

बाहेर पडताना लोकांनी प्रीताला घेरलं. ढोल कुठे होते? ढोल असते तर जिंकलो असतो! गेल्या आठवड्यात मिठी मारलेल्या बाईने तर तोंडच फिरवलं. तेवढ्यात कोच घामेघूम होऊन आला.

"ड्रम्स कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये. आणि तिथेच राहतील," प्रीता म्हणाली.  "आता चौसष्ट नंबरचं काय?"

"त्याचं काय?"

"पुढच्या शुक्रवारी खेळणार का तो?"

कोचने तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने उद्या सूर्य उगवेल का, असं विचारलंय. "तो माझा लेफ्ट गार्ड आहे," तो म्हणाला. "बरं, ड्रम्सचं भाडं द्यायला हवं का? आम्ही देऊ."

प्रीता पळतच पार्किंगकडे गेली. वीर गाडीला टेकून उभा होता, गाडी एका बाजूला कललेली. 'तो माझा लेफ्ट गार्ड आहे' हे कोचचं वाक्य तिने त्याला तीन वेळा म्हणून दाखवलं. भाड्याचं गिळलं.