टेबलाचा पाय

ताईसाहेबांनी मला टेबलाचा पाय दिला.

बाकीच्या मुलींच्या त्यांनी जोड्या लावल्या होत्या. तू हिच्यासमोर बस, तू हिच्यासमोर. एकीनं हात पुढं करायचा, दुसरीनं पट्टी बांधायची, मग उलट. माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्याकडं पाहिलं नाही. काहीतरी हरवल्यासारखी खोलीभर नजर फिरवली. मग कोपऱ्यातल्या सागवानी टेबलाकडं बोट केलं.

"तुझी सोय तिथं केली आहे हं. त्याचा पाय छान गोल आहे. अगदी मनगटासारखा."

आवाज गोड होता. मी पट्टी घेतली आणि टेबलाजवळ फरशीवर बसले. लाकडाला पट्टी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.

सुगत, प्रज्ञा, तुम्ही परदेशात वाढलात, मराठी हळू वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण ही गोष्ट मी इंग्रजीत लिहिणार नाही. का, ते पुढं येईल. तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, ते लोक एवढे घरी येऊन सत्काराला बोलावतायत, तू हो का म्हणत नाहीस? मी म्हटलं, विचार करते. तो विचार इथं क्रमानं मांडते.

तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणायचे. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी लहान होते. आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे, महारवाड्यातले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाव सोडलं आणि छावणीत एका गोऱ्या साहेबाकडं स्वयंपाकाला राहिले. साहेब गेला, पण त्याच्या ओळखीवर मला मिशनच्या शाळेत जागा मिळाली. तिथं मी इंग्रजी शिकले. चांगलं शिकले. घरात आई नव्हती, बहीणभाऊ नव्हते. दादा कामावर गेले की मी आणि पुस्तक. पुढं आम्ही बौद्ध झालो. मनातलं पुष्कळ बदललं. लोकांच्या नजरेतलं काही बदललं नाही.

मॅट्रिक झाल्यावर कळलं की कापडगिरणीच्या दवाखान्यात मदतीला एक बाई हवी आहे. मॅट्रिक पास आणि प्रथमोपचाराचा दाखला, एवढीच अट. ती नोकरी मला हवी होती. दुसऱ्याच्या घरची भांडी किंवा दुसऱ्याचं शेत, याशिवाय आमच्या वस्तीतल्या एकाही बाईनं काम पाहिलं नव्हतं.

दाखला मिळायची जागा एकच. शहागंजच्या बाजूला एका शाळेत संध्याकाळचे वर्ग भरत. एका खोलीत मुलं विजेच्या तारा जोडायला शिकत. एका खोलीत अर्ज आणि पत्रं लिहायला शिकवत. वरच्या मजल्यावर बायकांचा प्रथमोपचाराचा वर्ग. हे सगळं ताईसाहेबांनी उभं केलं होतं. एका मोठ्या वकिलांच्या त्या पत्नी. शहरात त्यांच्या नावाला मान होता. फी माफ करत, वह्या देत. माझीही फी त्यांनी माफ केली होती. हे सांगितलं पाहिजे. म्हणजे टेबलाचा पाय देणारा माणूस कसा दिसतो ते तुम्हाला कळेल. तो चांगला दिसतो.

रोज तोच कोपरा. हाताची पट्टी, गुडघ्याची पट्टी, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या लावणं, सगळं मी त्या पायावर शिकले. माझ्या मागं मुली एकमेकींच्या हाताला धरून हसत. "अगं, गुदगुल्या होतात!" "अगं, जरा सैल कर ना, मुंग्या आल्या." मी पाठमोरी बसून ऐकायची.

पट्टी बांधल्यावर नख दाबून पाहायचं असतं. नख पांढरं होतं, सोडलं की लाल. लगेच लाल झालं नाही तर पट्टी आवळली आहे असं समजायचं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. टेबलाला नख नसतं.

शकिला नावाची एक मुलगी होती. अत्तरवाल्याची. तिची जोडी तिच्या मामेबहिणीशी. ती तोंडानं फटकळ.

"क्या गे," ती जिन्यात म्हणायची, "आज तेरा मरीज कैसा है? चलने लगा क्या?"

मग इतर मुलीही सुरू झाल्या. "आज पेशंटनं जेवण केलं का?" "बघ हं, पळून जाईल तुझा पेशंट." मीही हसायची. हसलं नाही तर काय करायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर दादा हात पुढं करायचे. "बांध माझ्यावर." मी बांधायची. विचारायची, "दुखतं का दादा?"

"नाय."

"आवळली का जास्त?"

"नाय गं. आवळ आणखी."

त्यांच्या बोटांची नखं कामानं काळी पडलेली. दाबून काही कळायचं नाही. आणि दुखतं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. टेबल आणि दादा, दोघंही सारखेच गप्प.

मग ताईसाहेबांना कळलं की मला इंग्रजी येतं. त्यांना परदेशातून वर्गांसाठी मदत हवी होती. तिकडं अहवाल पाठवायचा होता. मला त्यांच्या खोलीत बोलावलं. वेगळी खुर्ची दिली, वेगळा दौत-टाक दिला. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत उतरवायची.

"झालं की कागद तिथं ठेव. मी उचलते."

मी कागद ठेवायची, दोन पावलं मागं सरायची. त्या उचलायच्या आणि खरंच आनंदून जायच्या. "काय अक्षर आहे गं! काय भाषा! तुझ्या हातात सरस्वती आहे."

त्याच हातानं मग वर जाऊन मी लाकूड बांधायची.

एके दिवशी त्यांनी सांगितलं, "लिही. आमच्या वर्गात सर्व जातिधर्मांच्या भगिनी एकत्र बसून एकमेकींच्या जखमा बांधायला शिकतात."

मी लिहिलं. सुंदर इंग्रजी वाक्य झालं. व्याकरण निर्दोष, अक्षर मोत्यासारखं. कागद नेहमीच्या जागी ठेवला आणि तिथंच उभी राहिले. त्या वाक्यात मी कुठं आहे, ते शोधत होते. सर्व जातिधर्म म्हणजे मी होते. माझ्यावाचून ते वाक्य खरं ठरत नव्हतं, त्याला मदत मिळत नव्हती. आणि एकमेकींच्या या शब्दात मी नव्हते. माझा हात लिहायला चालत होता. लावायला चालत नव्हता.

"अजून काही?" ताईसाहेब म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

त्या दिवसापासून जिन्यात मी हसायचं बंद केलं. शकिलानं पुन्हा मरीजाची चौकशी केली. मी तिच्याकडं नुसती पाहत राहिले. ती मामेबहिणीबरोबर पुढं निघून गेली.

परीक्षेला सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आले. पांढरा कोट, चष्मा, घाईत. आल्या आल्या ते ताईसाहेबांना म्हणाले, "तुम्ही पाठवलेली अहवालाची पहिली पानं वाचली. उत्तम लिहिलाय. सर्व जातिधर्मांच्या मुली, वा! दाखवा बघू."

ताईसाहेब हसल्या. मुली जोडीनं पुढं जात होत्या. बांधत होत्या, नख दाबत होत्या, सोडत होत्या. शेवटी माझं नाव आलं.

"तुझी जोडीदार कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी ताईसाहेब बोलल्या. "ती टेबलावर करते. तिला तेच बरं पडतं."

तिला तेच बरं पडतं. मला कुणीही, कधीही विचारलं नव्हतं.

हातात गुंडाळलेली पट्टी होती. कोपरा माझी वाट पाहत होता. पाय सवयीनं तिकडं वळलेही. मग मी थांबले. वळले. ताईसाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. इतकी जवळ मी कधी गेले नव्हते.

"ताईसाहेब, हात द्या."

त्यांचा हात मांडीवर होता. गोरा, भरलेला, सोन्याच्या पाटल्या. माझ्या डोळ्यांसमोर तो पदराखाली गेला. आधी बोटं, मग मनगट.

"अगं, मला आज घरी जाऊन पूजा करायची आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजून गोडच.

फक्त शकिला अर्धी उठली. मग तिनं ताईसाहेबांकडं पाहिलं आणि परत बसली. तिचंही पाऊल त्या वर्गात पक्कं नव्हतं. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर तिच्या घरच्यांनी आवाज न करता जगायचं ठरवलं होतं. तिच्यावर माझा राग नाही. पण ती बसली, तेही लिहिते.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला दिसलं. "चल, टेबलावर दाखव. मी पास करतो तुला."

दाखला समोर होता. गिरणीची नोकरी समोर होती. टेबलापर्यंत जायचं, बसायचं, बांधायचं. एवढंच.

"नाही सर," मी म्हणाले. "टेबलाचं हाड मोडत नाही. माणसावर दाखवीन. नाहीतर दाखवणार नाही."

"हट्ट करू नकोस," ताईसाहेब म्हणाल्या. "तुझ्याच भल्याचं आहे."

पट्टीचं टोक सुटलं होतं. मी ती नीट गुंडाळली, घट्ट, शिकवली होती तशी. टेबलावर ठेवली आणि जिना उतरले.

शहागंज ते छावणी चालत आले. रस्त्यात ज्याच्याशी बोलावं असं माणूस नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात काय झालं ते फक्त मला माहीत होतं, आणि ते मोठं होतं की वेडेपणा होता, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

दादा दारात होते. "झाली परीक्षा?"

"सोडून आले."

त्यांनी कारण विचारलं नाही. मग बाही वर केली, हात पुढं केला. "बांध."

मी बांधली. "दादा, दुखलं तर सांगायचं. आता नाय म्हणायचं नाही. माझी शपथ आहे."

ते थांबले. जणू आत कुठं जाऊन पाहून आले.

"व्हय," म्हणाले. "दुखतंय. लई आवळलीय."

मी पट्टी सैल केली. त्या वर्गात जे शिकायचं राहिलं होतं, ते तेव्हा शिकले.

दुसऱ्या दिवशी ताईसाहेबांचा शिपाई आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बाईसाहेबांनी बोलावलंय. अहवालाचं शेवटचं पान राहिलंय."

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "टेबलाकडून लिहून घ्या."

गिरणीची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. त्यानंतर मी घरी बसून काढलेले दिवस लांब होते. पुढं दुसऱ्या गावी नर्सिंगला गेले, ते तुम्हाला माहीत आहे. दादा ते बघायला राहिले नाहीत.

आता त्या संस्थेकडून माणूस आला होता त्याविषयी. त्या संध्याकाळच्या वर्गांचं आता कम्युनिटी कॉलेज झालं आहे. एसी दुरुस्ती, वायरिंग, ॲम्ब्युलन्सवर काम करायचा कोर्स, लेखनाचाही कोर्स. सुगत, तू तिकडं शिकतोस तसंच. तू त्या रबराच्या माणसाची छाती दाबतानाचा फोटो पाठवलास, सगळे हसत होते. मी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. तुमच्या वर्गात सगळ्यांच्याच समोर रबराचा माणूस होता. माझ्या वर्गात लाकूड एकटीच्या वाट्याला होतं. फरक एवढाच, आणि तो लहान नाही.

आलेला तरुण ताईसाहेबांचा नातू. नम्र मुलगा. लांबून हात जोडले. "आजी, तुम्ही आमच्या पहिल्या बॅचच्या. तुमच्या इंग्लिशबद्दल घरी खूप ऐकलंय. तुम्ही इंग्लिशमध्येच बोला, पाहुणे बाहेरचे आहेत. माझी आई अध्यक्ष आहे आता. ती तुम्हाला हार घालेल."

मग फोनवर सभागृहाचे फोटो दाखवले. नवं रंगकाम, नवे पंखे. आणि व्यासपीठावर ते टेबल. पॉलिश करून ठेवलेलं.

"जुनं सागवान आहे," तो म्हणाला. "आजीच्या वेळचं. जपून ठेवलंय आम्ही."

"पाय अजून गोल आहेत का?" मी विचारलं.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते.

त्याच्यासाठी मीच पाणी आणलं होतं. घरात दुसरं कोण आहे? तो गेल्यावर पाहिलं, ग्लास भरलेलाच. तहान नसेल. आजकालची मुलं आपली बाटली घेऊन हिंडतात. किंवा नसेल तसं. आयुष्यभर मी हेच करत आले. भरलेल्या ग्लासाचा अर्थ लावायचा, मागं सरकलेल्या खुर्चीचा अर्थ लावायचा, आणि एकटीनं उत्तर शोधत बसायचं. आता अर्थ लावणार नाही. विचारणार आहे.

म्हणून माझं उत्तर, तुम्हाला आणि त्यांना, हो. मी जाणार.

पांढरं पातळ इस्त्री करून ठेवलं आहे. व्यासपीठावर बसेन, त्या टेबलामागं. अध्यक्षबाई हार घालतील, घालू देईन. मग माइकवर मला बोलावतील. मी इंग्रजी बोलणार नाही. मराठीत दोनच शब्द बोलेन, सगळ्यांना ऐकू जातील असे. "हात द्या."

त्यांनी हात दिला तर बांधीन. नीट, बोटांपासून कोपरापर्यंत. नख दाबून बघीन, लाल होतं का. दुखतं का ते विचारीन. तो हात पदराखाली गेला, तर गळ्यातला हार काढीन, खाली वाकीन आणि टेबलाच्या पायाला बांधीन. गुडघे दुखतात, पण तेवढं वाकता येतं.

भाषण लिहिलेलं नाही. पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली आहे.