एका ताऱ्याला दिलेलं उत्तर

सासूबाईंना विचारलं तर त्या आजही सांगतात की, सून मिळावी तर अशी. हे त्या सुनेच्या तोंडावर सांगत नाहीत, कारण मग ती लाजून कामाला लागते आणि पुढचं बोलणंच राहून जातं. पण त्यामागे जे घडलं ते सांगण्यासारखं आहे.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. निवृत्त झाल्यावर त्या कानांना काय काम द्यायचं हा घरात मोठाच प्रश्न होता. तो सुनेच्या पाळणाघराने सोडवला. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सून लोकांची मुलं सांभाळायची. एका खोलीत खेळणी, दुसरीत ओळीने छोट्या गाद्या. भरवणं, धुणं, निजवणं सुनेकडे आणि ऐकणं सासूबाईंकडे. मुलं त्यांच्या खुर्चीभोवती जमायची आणि घरचं सगळं सांगून मोकळी व्हायची. कुणाचे बाबा घोरतात, कुणाच्या आईने नवे बूट कपाटात लपवलेत. एका चार वर्षांच्या मुलीच्या तोंडाला तर क्षणभर विश्रांती नसे. तिला सासूबाई बडबडताई म्हणत.

ऐकलेलं पोटात ठेवण्याबद्दल सासूबाईंची ख्याती होती. एक्स्चेंजच्या काळात अर्ध्या गावाची भांडणं, जमलेली आणि मोडलेली लग्नं त्यांच्या कानांवरून गेली. नवऱ्याने किती खोदून विचारलं, पण त्यांनी दाद दिली नाही. बिचारा शेवटपर्यंत झुरला.

पाळणाघराचं इंटरनेटवर एक पान होतं. नवे पालक तिथले तारे बघूनच चौकशीला यायचे. सुनेला मान वर करायला फुरसत नसे, म्हणून पालकांच्या अभिप्रायांना उत्तरं द्यायचं खातं सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. ‘आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहोत,’ असं त्या एका बोटाने टाइप करत, पण नम्रता अगदी एक्स्चेंजची. अर्थात, पाच तारे देणाऱ्याशी नम्र राहायला फार कष्ट पडत नाहीत.

एके दुपारी मुलं झोपली असताना एकच तारा आला. बडबडताईच्या आईने लिहिलं होतं, ‘मुलगी इथून रोज रडत घरी येते. लक्ष दिलं जात नाही. विचार करून पाठवा.’

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी रडायची हे खरं, पण ती संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की रडायची. का रडायची, तेही तिने खेळण्यातलं घर मांडता मांडता सांगून ठेवलं होतं. सून दिवसभर राबते, या मुलीला मांडीवर घेऊन भरवते, आणि तिच्याच नावाला बट्टा? शेजारी निजलेल्या बाळाला एका हाताने थोपटत सासूबाईंनी दुसऱ्या हाताने उत्तर ठोकलं. ‘मुलगी आमच्याकडे मजेत असते. तिचे बाबा आता दुसऱ्या घरी राहतात आणि आई बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसते, म्हणून तिला घरी जावंसं वाटत नाही. आधी आपलं घर बघा, मग दुसऱ्याला नावं ठेवा.’

चहा होईपर्यंत शाबासक्यांचा पाऊस पडला. ‘छान सुनावलंत!’ ‘अशांना असंच पाहिजे.’ सासूबाई फुलून गेल्या आणि फोन घेऊन सुनेकडे गेल्या. ती दुधाच्या बाटल्या विसळत होती. तिने ओल्या हातानेच फोन घेतला, वाचला आणि स्टुलावर बसली.

"आई, हे तुम्हाला त्या पोरीने सांगितलं ना?"

"मग? मी काय खोटं लिहिते?"

"खोटं असतं तर निस्तरता आलं असतं हो."

तिने तिथल्या तिथे ते उत्तर पुसलं. पण तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. मग सासूबाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं ते सुरू झालं. ज्यांनी शाबासकी दिली होती, तेच आता आपापल्या मुलांकडे संशयाने बघू लागले. आपलं पोर तिथे काय काय सांगत असेल? एका बाबांनी तर दारातच मुलाला विचारलं, "तू काय काय बोलतोस रे इथे?" एकेक गादी रिकामी राहू लागली. कुणाकडे मावशी राहायला आली होती, कुणाची शिफ्ट बदलली होती. सगळ्यांच्या मावश्या एकाच आठवड्यात कशा आल्या, हे विचारायची सोय नव्हती. बडबडताई तर दुसऱ्या दिवसापासूनच आली नाही. असंच चालू राहिलं तर पाळणाघराला कुलूप लागणार हे दोघींनाही दिसत होतं.

सल्ले द्यायला मात्र कुणी मागे नव्हतं. सासूबाईंचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "खातं हॅक झालं म्हणून टाक. सगळे तेच म्हणतात." समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "सासूचं वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं, असं लिही. लोक समजून घेतात."

सासूबाई आतल्या खोलीत गाद्यांच्या खोळी बदलत होत्या आणि त्यांचे कान अजून शाबूत होते. खरं तर त्यांना शिंपीणबाईंचा उपाय पटलाही. सुनेचं पाळणाघर वाचणार असेल तर उद्यापासून वेडं व्हायला त्यांची ना नव्हती. त्या सुनेच्या ‘बरं’ची वाट बघत राहिल्या.

"पान माझं, नाव माझं आणि चूक माझ्या घरातली," सून म्हणाली. "आईंना वेडं ठरवून मी चांगली होणार असेन, तर नको मला ते चांगलं होणं."

आणि तिने लिहिलं, ‘एका लहान मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आमच्या घरातून बाहेर गेली. मी तिची आणि तिच्या आईची माफी मागते.’ सासूबाईंचा त्यात उल्लेखही नव्हता.

सासूबाईंनी खोळ डोळ्यांना लावली. उभ्या आयुष्यात लाइन कुणाचीही तुटो, शिव्या ऑपरेटरने खायच्या हा नियम होता. आपल्या वाट्याच्या शिव्या दुसरं कुणी आपणहून खातंय, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून त्या चपलांच्या दुकानात गेल्या. बडबडताईची आई तिथे कामाला होती. ती गुडघ्यावर बसून एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होती. सासूबाई बाकावर बसून राहिल्या.

"कुठला नंबर?" तिने वळून विचारलं, आणि मग तिला चेहरा दिसला.

"ते मी लिहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "सुनेने नाही. ती माझं नाव घ्यायची नाही, म्हणून मी आले. माफी मागायलाही तोंड नाही मला."

ती खोक्यात बूट नीट लावत राहिली. "लोक बघतात माझ्याकडे," ती म्हणाली. "मालकांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना." मग खोक्याचं झाकण लावत, "मी पोरीला दम दिला, घरचं बाहेर काही बोलायचं नाही. तेव्हापासून ती मलाही काही सांगत नाही. भिंतीकडे तोंड करून खेळते." तिचा आवाज खाली आला. "तुमच्याशी काय बोलायची हो ती?"

"इथे नको," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या खोलीत, खोक्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलगी बाथरूमच्या दाराबाहेर बसून असते. नळ बंद झाला की पळत जाऊन झोपल्याचं सोंग घेते. कुणाला काही कळलं नाही असं आईला वाटावं म्हणून.

"मला वाटायचं, ती झोपलेली असते," आई म्हणाली आणि एका खोक्यावर बसली. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, पण उठा असंही कुणी म्हणालं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवलं. "तू मला झाकलंस," त्या म्हणाल्या. "माझी आई असती तर तिनेही एवढं केलं नसतं. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"काहीतरीच काय, आई," सून म्हणाली आणि भाजी चिरायला उठली. कांदा नसूनही तिने दोनदा डोळे पुसले.

पुढच्या सोमवारी सकाळी बडबडताईची आई मुलीला घेऊन दारात उभी राहिली. सुनेने तिच्या हातातून पिशवी घेतली. मुलगी आईचं बोट धरून जमिनीकडे बघत होती. आई खाली बसली, तिने मुलीच्या सँडलचा पट्टा सोडला आणि म्हणाली, "आजींना सांगायचं असेल ते सांग. चालतं. आणि संध्याकाळी मलाही सांग."

मुलीने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग आईकडे.

"नळाचं पण?"

"हो," आई म्हणाली. "नळाचं पण."