सायलेन्सरसाहेबांचे शांत टायर

तीस वर्षं ग्रंथालयात काढली की माणसाचं काही ना काही झिजतंच. कुणाचे डोळे, कुणाची कंबर. आपल्या ग्रंथपालसाहेबांचं उजव्या हाताचं पहिलं बोट झिजलं होतं, आणि तेही पानं उलटून नव्हे, ओठांवर ठेवून. वाचनकक्षात कुणी खुर्ची ओढली, कुणी शिंकलं, कुणी शिंकण्याचा नुसता विचार केला, की बोट ओठांवर जायचं आणि मागोमाग यायचं, "श्श!" सभासदांनी त्यांचं नाव ठेवलं होतं सायलेन्सर. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. याच बोटाची पुढे इतकी लाज वाटेल की ते खिशात घालून हिंडावं लागेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्यालाही श्श केलं असतं.

झालं असं, की मुलीचा फोन आला. दीड महिन्याच्या नातीला घेऊन ती माहेरी यायची होती.

"बाबा, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी न्यायला या. पण ती गाडी आधी जरा शांत करा हो. केवढी घूं घूं करते! ही फार तिखट कानाची आहे. चमचा पडला तरी उठते."

"आजोबांवर गेलीय," साहेब म्हणाले आणि कामाला लागले.

सहा तासांचा रस्ता. खाली भाजणारं ऊन, मध्ये घाटात धुकं आणि भुरभुर पाऊस, वर पठारावर हाडं गोठवणारा वारा. म्हणजे सगळ्या ऋतूंत चालतील असे टायर हवेत, आणि शिवाय गुपचूप चालणारे हवेत. साहेबांनी शोध सुरू केला. दुसरा एखादा माणूस चार जणांना विचारून मोकळा झाला असता. साहेबांनी प्रत्येक टायरचं एक कार्ड केलं. कंपनी, नक्षी, ओल्या रस्त्यावरची पकड, थंडीतली वागणूक आणि लाल शाईत आवाजाचे डेसिबल. अशी एकतीस कार्डं. जेवणाच्या टेबलावर त्यांचा लाकडी खण आला आणि बायकोचं ताट कोपऱ्यात गेलं.

"जावई शोधताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही," बायको म्हणाली.

"जावई आवाज करत नाही."

"बरं, एक सांगू का? तो घूं आवाज आहे ना, तो माझ्या पायाखालून येतो. आणि वळणावर वाढ—"

"श्श. मोजतोय."

बायकोने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली. तिला याची सवय होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि तिची किती वाक्यं अर्ध्यावर राहिली असतील, त्याची कार्डं कुणी केली नव्हती.

एकतिसांतून एक टायर निघाला. आवाज सर्वांत कमी. तो खण काखेत मारून साहेब टायरच्या दुकानात गेले. हे दुकान एक बाई चालवत. चाळिशीच्या, दंड पैलवानासारखे, ओढणी कमरेला खोचलेली. सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले टॅक्सीवालेसुद्धा. साहेबांनी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"हेच हवेत. चार."

ताईंनी कार्ड वाचलं. "टायर चांगलाय साहेब. पण हा डेसिबलचा आकडा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. आत बसलेल्याला—"

"श्श. मी सगळं वाचलंय."

"वाचलं असेल हो. पण तुमची गाडी आत येताना मी ऐकली. तो आवाज टायर—"

बोट पुन्हा ओठांवर गेलं. ताई एक क्षण त्या बोटाकडे बघत राहिल्या, अशा नजरेने की जणू ते कुठेतरी पाहिलेलं आहे. मग हसल्या आणि टायर काढायला गेल्या. चार टायर बसले, बिल झालं, साहेबांनी ते घडी घालून घरी नेलं आणि 'वाहन' नावाच्या फाइलीत तारखेप्रमाणे लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी हमरस्त्यावर काढली. साठच्या पुढे गेली आणि घूं सुरू. तस्संच. एक डेसिबलही इकडचा तिकडे नाही.

साहेबांच्या एकतीस कार्डांचा हा अपमान होता. ते तडक दुकानात आले. तिथे दोनतीन गिऱ्हाइकं होती, एक म्हातारा टॅक्सीवाला पंक्चरची वाट बघत बसला होता. आयुष्यात प्रथमच साहेबांचा आवाज चढला.

"काय दिलंत हे मला? जुना माल पुसूनबिसून खपवलात! वाचता येतं मला, म्हटलं. सगळ्यांनाच अडाणी समजू नका!"

टॅक्सीवाला म्हणाला, "अरे बापरे, सायलेन्सर फाटला."

ताईंनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं एक चाक हाताने गरकन फिरवलं, वरच्या स्प्रिंगवर तळवा ठेवला आणि साहेबांना मानेने खुणावलं.

"ठेवा हात."

साहेबांनी हात ठेवला. स्प्रिंग थरथरत होती, आत कुणीतरी खडे दळत बसल्यासारखी.

"आता त्या बाजूचं बघा."

तिकडचं चाक फिरलं. स्प्रिंग झोपलेल्या मांजरासारखी शांत.

"बेअरिंग गेलंय," ताई म्हणाल्या. "टायर बिचारे गप्पच आहेत. हे असंच घेऊन घाटात गेला असतात, तर चाक कधी दगा देईल सांगता येत नाही. काल दोनदा सांगायला गेले. नंतर बिलावरही लिहून दिलं. तुम्ही वाचणारे, म्हटलं वाचाल."

साहेबांचे कान आधी तापले, मग गाल, मग मानेचा मागचा भाग, जिथे लाज पोचते हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. सगळे बघत होते. हीच वेळ होती दोन शब्द बोलायची. साहेब म्हणाले, "हं. बदलून ठेवा." आणि चालत घरी गेले.

घरी फाइल उघडली. बिलाच्या तळाशी गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'पुढचं चाक. बेअरिंग आधी बदला. लांब जाऊ नका.' तीस वर्षं लोकांना 'वाचा, वाचा' सांगणाऱ्या माणसाने तीन ओळींचं बिल न वाचता फाइलीला लावलं होतं. तेही बिनचूक क्रमाने. जिच्या झोपेसाठी ही सगळी खटपट, तिलाच मागच्या सीटवर घेऊन ते घाट उतरणार होते.

दुसऱ्या दिवशी गाडी तयार झाल्याचा फोन आला, तेव्हा साहेबांनी काय करावं? बायकोला पाठवलं.

"मला बरं नाही," ते म्हणाले.

"दिसतंय," बायको म्हणाली आणि गेली.

ती तासाभराने गाडी घेऊन परत आली आणि चपला काढता काढताच हसू लागली. "अहो, त्या ताई तुम्हाला ओळखतात की! लहानपणी तुमच्या ग्रंथालयात यायच्या. त्यांना मनात वाचताच यायचं नाही, ओठ हलवून पुटपुटावं लागायचं. तुम्ही तीनदा श्श केलंत आणि चौथ्यांदा बाहेर बसवलंत. मग गेल्याच नाहीत. म्हणाल्या, 'बरंच झालं वहिनी, पुस्तकं सुटली म्हणून टायर हाती आले.' मी पण हसले. मग हसायला नको होतं असं वाटलं."

साहेबांना आठवेना. त्यांना हेच सर्वांत लागलं. आठवलं असतं तर निदान तेवढ्या वेळापुरती ती मुलगी त्यांच्या लेखी कुणीतरी असती.

शनिवारी सकाळी ते ग्रंथालय उघडायच्या आधीच गेले आणि बंद झालेल्या सभासदांचा खण काढला. कार्ड सापडलं. बालविभाग. खाली त्यांचं स्वतःचं अक्षर, बारीक, सुरेख: 'सतत पुटपुटते. समज दिली.' त्याखाली आणखी काही नाही. ते कार्ड खिशात घालून ते टायरच्या दुकानापाशी आले, गाडी दारात लावली आणि बोटही खिशात लपवलं. दारातून दोनदा परत फिरले. एकदा तर समोरच्या औषधाच्या दुकानात शिरून गरज नसताना खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

दुकानात हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता. नशिबाने किंवा दुर्दैवाने, तो म्हातारा टॅक्सीवालाही तिथेच होता. साहेब काउंटरपाशी उभे राहिले आणि वाचनकक्षात बोलतात तशा आवाजात काहीतरी म्हणाले.

"काय?" ताईंनी कानामागे हात धरला. "कॉम्प्रेसर चालूय. मोठ्यानं बोला!"

साहेब थोडं मोठ्याने पुटपुटले.

"नाही आलं ऐकू!"

साहेबांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि नेमकी टाकी भरून कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला त्याच क्षणी ओरडले, "चूक माझी होती! मी तुम्हाला बोलूच दिलं नाही! वर चोर ठरवलं!"

आवाज छतावर आपटून खाली आला. रस्त्यापलीकडचा औषधवाला दारात येऊन उभा राहिला. टॅक्सीवाल्याने हळूच बोट ओठांवर ठेवलं. "श्श, साहेब. लोक काम करतायत."

सगळे हसले. साहेबांनी खोकल्याची एक गोळी तोंडात टाकली. ताईंनी हात फडक्याला पुसले.

"झालं. मिटलं. उद्या लांब जायचंय ना? थांबा, हवा बघून देते."

"आणि ते... ग्रंथालयाचं," साहेब म्हणाले. खिशात हात गेला, कार्डाच्या कडेला लागला आणि तिथेच थांबला. "तुम्ही लहान असताना मी..."

ताई हवेची नळी घेऊन चाकापाशी बसल्या आणि माप बघू लागल्या.

"ते राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या, "ते काय बेअरिंग आहे, काढलं आणि नवं घातलं?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं, असं साहेबांना वाटलं. त्यांनी मान हलवली. कार्ड खिशातच राहिलं.

रविवारी पहाट फुटताना दोघं निघाले. हमरस्ता लागला. साठ, सत्तर, ऐंशी. घूं नाही. टायर असे चालले होते, की रस्त्यालाही पत्ता लागू नये. एकतीस कार्डांतली निवड खरोखर उत्तम होती, फक्त आता ते सांगायला तोंड उरलं नव्हतं.

"किती शांत झाली हो!" बायको म्हणाली. "आता ऐका. गेल्या रविवारपासून सांगायचंय तुम्हाला. माझ्या बहिणीचा फोन आला होता, तिच्या त्या शेजारणीने—"

साहेबांचं उजवं बोट सवयीने स्टिअरिंगवरून उठलं आणि अर्ध्या वाटेत पोचलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं. पण निघालेलं बोट कुठेतरी उतरवायला तर हवं, म्हणून त्यांनी नाक खाजवलं.

बायकोने सगळं पाहिलं.

"खाजवा, खाजवा," ती म्हणाली. "सहा तास आहेत."

कान लाल करून साहेब म्हणाले, "शेजारणीने काय केलं?"